ट्रंकेतल्या जपानी नोटा : विकण्याआधी वाचाव्यात कशा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या जपानी नोटांमुळे कुणाच्या घराचा हप्ता फिटत नाही. आमचा पुतण्या ट्रंक उघडल्या उघडल्या म्हणाला, "काकू, मोबाइलवर एक भिया अशाच नोटेचे पन्नास हजार सांगतोय." सांगतोय खरं, देत कोणी नाही. या नोटा जपान्यांनी दुसऱ्या महायुद्धात जिंकलेल्या मुलखांसाठी ढिगाने छापल्या आणि त्या ढिगानेच उरल्या. त्यांच्यात दुसरंच काहीतरी असतं, आणि ते वाचायला शिकावं लागतं.

मी बँकेच्या कॅश काउंटरवर ३४ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घराला रंग द्यायला काढला, तेव्हा माळ्यावरून ही ट्रंक उतरवली. सासऱ्यांच्या धाकट्या काकांची. त्यांना घरात सगळे सिंगापूरकाका म्हणत. १९४१ मध्ये महूहून फौजेच्या सप्लाय डेपोत बाबू म्हणून गेले आणि १९४६ मध्ये परत आले, एवढंच आम्हाला माहीत. पुढे गिरणीच्या ऑफिसात कारकुनी केली. ट्रंकेत दोन लोकरी मोजे, एक सुई-दोऱ्याचा डबा, आणि धोतराच्या फडक्यात बांधलेला नोटांचा जुडगा. तेव्हापासून ओळखीपाळखीतून लोक मला असे जुडगे आणून दाखवतात. तेच तेच सांगून कंटाळले म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

हात लावण्याआधी

सापडल्या सापडल्या लोक जे करतात, ते करू नका. इस्त्री फिरवू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आमच्याकडची एक दहा डॉलरची नोट पुतण्याने हौसेने कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. आता ती कायमची प्लॅस्टिकच्या पोटात. कागद हाताला कळत नाही, उजेडात धरून बघता येत नाही.

जुडग्याला टाचणी असेल तर ती गंजलेली असणार. ओढली की भोकाभोवतीचा कागद तिच्याबरोबर येतो. पोस्टकार्डाचा एक तुकडा टाचणीखाली सरकवा, टोकाकडची बाजू हळू उचला, मग मोकळी करा. सुटत नसेल तर राहू द्या. आमच्या काळी बँकेतही जुडग्यांना स्टेपल मारत. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये ते बंद करायला लावलं, तोवर आमच्या बोटांची चाळण झालेली होती.

हात धुऊन कोरडे करा. ओलं स्पंज जवळ नको. कॅशियरची सवय आहे, माझं बोट आपोआप स्पंज शोधायला जातं, म्हणून मुद्दाम सांगते.

कॅशियरसारखं बघा : काय नाही ते आधी शोधा

आपण नोट बघतो ती चित्र बघायला. कॅशियर बघतो ती सही, क्रमांक आणि वचन शोधायला. खिशातली दहाची, शंभराची कुठलीही नोट काढा. गव्हर्नरची सही आहे, धारकाला रक्कम देण्याचं वचन आहे, आणि त्या नोटेपुरता तिचा एकटीचा क्रमांक आहे.

आता मलायातली दहा डॉलरची जपानी नोट घ्या. निळसर-हिरवी, घडासकट केळीचं झाड, मागच्या बाजूला क्षितिजावर जहाज. या केळीवरूनच तिकडे सगळ्याच जपानी नोटांना केळीचे पैसे म्हणत. मलाय भाषेत केळं म्हणजे पिसांग, म्हणून दुइत पिसांग. इंग्रजीत छापलंय की जपानी सरकार धारकाला मागताक्षणी दहा डॉलर देण्याचं वचन देतं. पण सही कोणाची? नाही. बँक कोणती? नाही. तारीख? नाही. खाली चिनी वळणाच्या अक्षरांत 'महान जपानी साम्राज्याचं सरकार' आणि एक लाल शिक्का, संपलं.

क्रमांक बघा. सुरुवातीच्या काही नोटांवर तो आहे. नंतरच्या नोटांवर फक्त दोन-तीन अक्षरं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा खुर्चीत मागे रेलले. क्रमांक नाही म्हणजे किती छापल्या याचा हिशेब नोटेवर नाही. हिशेब ठेवायचाच नाही, असं छापणाऱ्याने ठरवलं की क्रमांक घालायची गरज राहत नाही.

तुमच्या जुडग्यातल्या नोटा म्हणून दोन ढिगांत लावा, क्रमांकाच्या आणि बिनक्रमांकाच्या. पहिल्या ढिगाचा कागद बहुधा बरा असतो, काहींत उजेडात धरल्यावर जलचिन्ह किंवा रेशमाचे तंतू दिसतात. दुसऱ्या ढिगात कागद पातळ, शाई फिकी, कापणी वाकडी. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं. बुकित तिमाच्या फोर्ड मोटारींच्या कारखान्यात इंग्रजांच्या जनरल पर्सिव्हलने जपानी सेनापती यामाशिताच्या समोर शरणागतीची सही केली, आणि शहराचं नाव स्योनान-तो झालं. तिथपासून साडेतीन वर्षांत ते शहर कसं खाली गेलं ते या दोन ढिगांच्या कागदात बोटांना कळतं. युद्धाआधी साधारण ६० किलो तांदळाला ५ डॉलर पडत. १९४५ च्या मध्याला ५,००० डॉलर. त्याच सुमारास हजार डॉलरची नोट निघाली. सगळ्यात मोठ्या नोटेवर चित्र कशाचं, तर बैलगाडीचं.

नोटा आवरायला सरकारने १९४३ मध्ये कोनान साइकेन नावाची लॉटरीही काढली होती. छापायच्या आणि लॉटरीतून परत ओढायच्या.

तांदूळ मिळेना म्हणून लोक टॅपिओका खायचे, रोज, सगळ्या रूपांत. टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो. सिंगापूरकाका एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीला शिवत नसत. इंदुरात राहून! मी नवी सून, मला वाटे माझ्या हातची आवडत नाही. सासूबाई म्हणायच्या, "त्यांचं मनावर घेऊ नकोस, ते वऱ्याचे तांदूळ खातात." कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पहिलं अक्षर : नोट कुठली ते इथे कळतं

हा भाग नीट वाचा. जपान्यांनी जिंकलेल्या मुलखांसाठी वेगवेगळ्या नोटा काढल्या आणि क्रमांकाच्या जागच्या पहिल्या इंग्रजी अक्षरात मुलूख सांगितला. एम म्हणजे मलाया, सिंगापूर त्यातच. बी म्हणजे बर्मा, तिथे रक्कम रुपयांत. पी म्हणजे फिलिपिन्स, पेसोत. एस म्हणजे डचांच्या ताब्यातली बेटं, आजचा इंडोनेशिया. ओ म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या बाजूची बेटं, शिलिंग आणि पौंडात. बर्माच्या छोट्या नोटांवर गंमत आहे. तिथे लोकांना सोळा आण्यांचा रुपया माहीत, आणि नोटेवर छापलेत सेंट.

पी अक्षराच्या एखाद्या नोटेवर मागे इंग्रजी शिक्का मारलेला दिसला तर घाबरू नका. युद्धानंतर फिलिपिन्समध्ये या नोटांचे पैसे मागणाऱ्यांची एक संघटना झाली होती, तिने मारलेला असतो. पैसे मिळाले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ढिगात सगळ्या एम असतील तर तुमचा माणूस मलाया-सिंगापुरात राहिला असं धरायला हरकत नाही. एम आणि बी दोन्ही असतील तर जरा थांबा. सिंगापूर पडल्यावर दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, सुमारे ४५ हजार हिंदी सैनिकांना फॅरर पार्कच्या मैदानावर जमवून जपान्यांच्या हवाली केलं गेलं, आणि तिथेच कॅप्टन मोहनसिंगांनी आझाद हिंद फौजेची हाक दिली. ती पहिली फौज डिसेंबरात मोडली. नेताजी २ जुलै १९४३ ला सिंगापुरात पोहोचले, ५ जुलैला पाडांगच्या मैदानावर 'चलो दिल्ली' झालं, २१ ऑक्टोबरला कॅथे इमारतीत हंगामी सरकार जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी झाशीच्या राणीच्या नावाच्या पलटणीची छावणी उघडली. जानेवारी १९४४ मध्ये सरकारचं ठाणं रंगूनला हललं. एमच्या मुलखातून बीच्या मुलखात फौजेच्या पाठोपाठ कारकून, स्वयंपाकी, कंपाउंडर असे पुष्कळ जण गेले.

सिंगापूरकाका शेवटपर्यंत सांगत, "मी डेपोत होतो, पोती मोजत होतो." त्यांच्या जुडग्यात सदतीस नोटा एमच्या, आणि मध्ये घडी करून ठेवलेली एक बीची. एक रुपयाची.

मी तीन रात्री झोपले नाही. मग स्वतःलाच काउंटरवर उभं केलं. एक नोट म्हणजे साक्ष नव्हे. छावणीत बदलून घेतली असेल, परतीच्या जहाजावर कुणी आठवण म्हणून दिली असेल, पत्त्यांत जिंकली असेल. तुमच्याकडे असं सापडलं तर लगेच व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबगटावर 'आमचे आजोबा नेताजींचे सैनिक' टाकू नका. आमच्याकडे टाकलं गेलं. मागे घ्यायला आठवडा लागला.

नोटांबरोबरचे कागद

पाकीट, पावती, ओळखपत्र, तिकीट, काहीही फेकू नका. त्यांच्यावरचं साल तुम्हाला चक्रावून टाकेल. २६०३ लिहिलेलं दिसलं तर ते जपानी राजवंशाचं साल. ६६० वजा करा, १९४३ आलं. शोवा १८ असेल तर १९२५ मिळवा, तेच साल. आपल्याला शक आणि संवत यांच्या वजाबाकीची सवय आहेच. वेळ लिहिलेली असेल तर तीही टोकियोची, कारण शहरातली घड्याळं दीड तास पुढे केली होती.

चौकोनी शिक्का मारलेली एखादी चिठ्ठी निघाली आणि त्यावर एकच चिनी अक्षर असलं, तर ती जपून वेगळी ठेवा आणि अक्षर जाणणाऱ्याला दाखवा. फेब्रुवारी-मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी चिनी पुरुषांना चौकाचौकांत गोळा करून तपासलं. 'तपासला' या अर्थाचा शिक्का ज्याच्या कागदावर, सदऱ्यावर, दंडावर पडला तो घरी गेला. बाकीच्यांना ट्रकमधून समुद्रकाठी नेऊन मारलं. जपान्यांच्या बाजूने आकडा पाच-सहा हजार सांगितला गेला, सिंगापूरचे लोक पंचवीस ते पन्नास हजार सांगतात.

त्याच चिनी समाजाकडून वर ५ कोटी डॉलरची 'भेट' मागितली. जमले २ कोटी ८० लाख. उरलेले २ कोटी २० लाख योकोहामा स्पीशी बँकेकडून कर्ज काढून भरायला लावले. म्हणजे जपान्यांची बँक कर्ज देणार, ते जपान्यांनाच भरायचं, आणि फेडायचं मात्र चिन्यांनी. बँकेत आयुष्य गेलं, पण असं व्हाउचर माझ्या हातून कधी गेलं नाही.

राजाच्या नोटा सापडल्या तर

पुष्कळ ट्रंकांत केळीच्या नोटांबरोबर सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या मलायाच्या नोटा असतात, १ जुलै १९४१ तारखेच्या. लोक समजतात की या युद्धाआधीच्या. तारखेवर जाऊ नका. इंग्रज ५ सप्टेंबर १९४५ ला परत उतरले, १२ तारखेला नगरपालिकेच्या इमारतीत माउंटबॅटनसमोर शरणागतीच्या सह्या झाल्या, आणि याच जुन्या तारखेच्या नोटा नव्या लष्करी राजवटीने वाटल्या. केळीच्या नोटा रद्द. बदलून मिळणार नाहीत, एका पैशानेही नाही. ज्याच्याकडे पोतंभर होत्या तो एका दिवसात उघड्यावर आला. आपल्याकडे २०१६ च्या नोव्हेंबरात बदलून तरी मिळत होत्या. त्या दिवसांत काउंटरवर बसलेली मी, मला त्या सिंगापूरच्या सकाळची कल्पना करवत नाही.

लष्करी राजवटीची इंग्रजी आद्याक्षरं बीएमए. लोक त्याचा अर्थ ब्लॅक मार्केट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन असा लावत, कारण तांदूळ तेव्हाही काळ्या बाजारातच होता. युद्धाआधीचं कर्ज ज्यांनी केळीच्या नोटांत फेडून टाकलं होतं, त्यांचे तर पुढे वर्षानुवर्षं तंटे चालले. सावकार म्हणे फिटलं नाही, ऋणको म्हणे पावती आहे. शेवटी खास कायदा करून कोणत्या महिन्यातली नोट किती खरी मानायची याचं कोष्टक लावावं लागलं.

तुमच्या जुडग्यात आपल्याच रिझर्व्ह बँकेची नोट असेल आणि तिच्यावर इंग्रजीत 'बर्माची लष्करी राजवट, फक्त बर्मात चालेल' अशा अर्थाचा मजकूर जादा छापलेला असेल, तर तिला वेगळं पाकीट द्या. तिला मात्र बरी किंमत येते. सराफ्यातला एक दुकानदार अशी एक नोट साध्या जुन्या रुपयाच्या भावात मागत होता. मी फक्त त्याच्याकडे बघितलं. त्यानेच ती माझ्यासमोर परत सरकवली.

खोटी कशी ओळखावी

नवी छापलेली नक्कल सर्रास विकली जाते. दोन कसोट्या पुरतात. सराफाचं भिंग लावा. नक्कल असेल तर रंग बारीक ठिपक्यांनी भरलेले दिसतात, खऱ्या नोटेत रेघ ती रेघच. दुसरी, बँकेत किंवा मोठ्या दुकानात नोटा तपासायचा जांभळट दिवा असतो, त्याखाली धरा. आजचा कागद निळा-पांढरा चमकतो, कारण त्यात उजळपणासाठी रसायन घालतात. त्या काळातल्या कागदात ते नव्हतं, त्यामुळे तो मलूल राहतो. आमच्या जुन्या शाखेतल्या मुलीने मला चहाच्या वेळेत तो दिवा वापरू दिला, तिचे आभार.

माणूस शोधायचा असेल तर

नोट इथवर आणते, पुढे कागद. दोन ठिकाणं पहिल्यांदा बघा. तुमचा माणूस परत आला नसेल तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाका. सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर २४ हजारांवर नावं कोरलेली आहेत, त्यांत हिंदी नावं भरपूर. स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघा, इंग्रज कारकुनाने कुलकर्णीचं काय केलं असेल सांगता येत नाही.

परत आला असेल आणि बीची नोट खुणावत असेल, तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. संरक्षण मंत्रालयाने आझाद हिंद फौजेच्या ९९० फायली १९९७ मध्ये तिथे दिल्या. अभिलेख पटल या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतं, काही फायली तिथेच वाचताही येतात. परतलेल्या सैनिकांची इंग्रजांनी चौकशी करून पांढरे, करडे आणि काळे अशी वाटणी केली होती. पांढरा म्हणजे निष्ठावंत, काळा म्हणजे पक्का नेताजींचा. हे शब्द फायलीत दिसले तर ते रंग नव्हेत, निकाल आहेत. स्वातंत्र्यानंतरही या लोकांना फौजेत परत घेतलं नाही, आणि स्वातंत्र्यसैनिकांचं केंद्राचं पेन्शन सुरू झालं ते १९७२ मध्ये. तोवर ज्याला नोकरी टिकवायची होती तो "डेपोत होतो" म्हणाला असेल, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. काकांचं नाव मला अजून कुठल्या फायलीत सापडलेलं नाही. शोध चालू आहे, रोज दुपारी चहा झाल्यावर एक तास.

सिंगापूरला जाणार असाल तर फोर्ड कारखान्यात आता संग्रहालय आहे. बीच रोडवर चार उंच खांबांचं नागरिकांचं स्मारक आहे. १९६२ मध्ये सिगलापला बांधकामाच्या वेळी हाडं निघायला लागली, तेव्हा लोकांनी जपानकडे मारलेल्यांच्या रक्ताची बाकी मागितली. स्मारक १५ फेब्रुवारी १९६७ ला उघडलं. आदल्या वर्षी जपानने भरपाई कबूल केली, अर्धी देणगी, अर्धी कर्ज. रक्कम किती, तर ५ कोटी डॉलर. १९४२ ला घेतलेला आकडा आणि १९६६ ला कबूल केलेला आकडा एकच. मी दोन्ही एका कागदावर एकाखाली एक लिहून पाहिले, आणि पुन्हा कर्ज!

ठेवायच्या कशा

पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या, नाणी-नोटा जमवणाऱ्यांच्या दुकानात मिळतात. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटं नकोत, त्यांतून निघणारं रसायन कागदाला चिकटतं. डांबराच्या गोळ्या लांब ठेवा. प्रत्येक पाकिटामागे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा : अक्षर, रक्कम, क्रमांक आहे की नाही, कुणाच्या ट्रंकेतली, कोणत्या दिवशी काढली. नोटेवर काहीही लिहायचं नाही. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दसरा झाला की एकदा सगळं उघडून सावलीत वारं द्या, उन्हात नव्हे.

आमच्या सदतीस एम एका वहीत लावल्या आहेत. बीच्या एक रुपयाला स्वतंत्र पाकीट आहे, आणि तिच्या चिठ्ठीवर 'कुठून आली' या रकान्यात मी पेन्सिलीने बारीक रेघ मारून जागा सोडली आहे.